मोटरशेजारी उभी होते

२ फेब्रुवारी

इंजिनिअरबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, हे धरूनच लिहायला बसलोय. पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या बाईंकडून काढला. आधी त्या द्यायला तयार नव्हत्या. मी तुझा कोण, असं त्यांनी विचारलं आणि 'सासरा' म्हणावं की 'पूर्वीचा सासरा', यात मी इतका वेळ अडखळलो की त्यांनाच दया आली असावी.

कामाचं बोलतो. आपल्या पुस्तकाचा प्रकाशक जागा झालाय. इतकी वर्षं ढिम्म होता, आता म्हणतो, नवं सत्र सुरू व्हायच्या आत बाजारात आणू, कॉलेजं घेतील. माझी सहा प्रकरणं तयारच आहेत. आरशात पाहिलं तर काय बदलत नाही, धावत्या आगगाडीतून पाहिलं तर काय बदलत नाही, प्रयोग आज केला काय नि उद्या केला काय, काय बदलत नाही, वगैरे. सातवं तुझं. तुझा खर्डा माझ्या कपाटात होता, पण त्याची मधली पानं मिळत नाहीत. मध्यंतरी घरात बरीच आवराआवर झाली, त्यात गेली असावीत. म्हटलं, आपणच भरून काढू. आणि तोंडघशी पडलो.

तीन तारांतून मोटरला जाणारे तीन प्रवाह, सारखे वरखाली होणारे. आपण मोटरच्या फिरत्या भागावर जाऊन बसलोय असं समजून तेच प्रवाह पुन्हा मांडले, की तिनाचे दोन होतात आणि ते दोन्ही आकडे गप्प एका जागी उभे राहतात. एवढं तू शिकवलेलं पक्कं आहे. पुढे मी शक्ती काढायला गेलो. बाहेर उभं राहून काढली ती एक आली, आत बसून काढली ती तिच्या दोन तृतीयांश. मोटर तीच, वीज तीच, आणि एक तृतीयांश शक्ती माझ्या कागदावरून फरार. प्रकरणाचं नाव आहे 'जी बदलत नाही ती शक्ती'. आठवडाभर डोकं फोडतोय. चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही, ते तू म्हणायच्या आधी मीच म्हणून ठेवतो.

हे कॉलेजच्या ग्रंथालयात बसून लिहितोय. घरातला पंखा बिघडलाय. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठव, म्हणजे वेळेत मिळेल. घरी सगळं ठीक.

बाबा


२६ फेब्रुवारी

इंजिनिअरबाई,

तुझं पाकीट आलं. एवढं जाड पाकीट बघून मला वाटलं, काहीतरी चारचौघांसारखं लिहिलं असशील. निघालं काय, तर अख्खं सातवं प्रकरण, नव्यानं टाइप केलेलं, आणि वर चार ओळींची चिठ्ठी. पण ज्या घोळात माझा आठवडा वाया गेला होता, तो त्या चार ओळींत निकालात निघाला.

म्हणजे मी दोन रीतींची सरमिसळ केली. एका रीतीत प्रवाहाची उंची जशीच्या तशी ठेवायची, मग शक्तीला शेवटी दीडनं गुणायचं. दुसऱ्या रीतीत शक्ती जशीच्या तशी ठेवायची, मग प्रवाहाचा आकडा थोडा फुगलेला दिसतो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. दोन्ही बरोबर. मी गुणक पहिलीचे घेतले आणि शक्तीचं सूत्र दुसरीचं. 'दोन्हींपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच पाळा,' असं तू लिहिलंयस. खाली दोनदा रेघ मारली आहेस. मोटरबद्दलच आहे असं समजतो.

प्रकरण मी सलग दोनदा वाचलं. तुझ्या पहिल्या नोकरीतला तो चाचणीच्या खोलीचा किस्सा तू घातलास, फार बरं केलंस. मोटर कुरकुरतेय, पडद्यावर तीन लाटा एकमेकींत गुंतलेल्या, सगळे म्हणतायत ठीक आहे, आणि तू नवखी, कोणाला काही बोलायची चोरी. मग तू तेच प्रवाह आतून पाहिलेस आणि सरळ दिसायला हवी होती ती रेघ थरथरत होती. आतल्या तारांच्या तीनपैकी एका गुंडाळीत दोष. माझ्या सहा प्रकरणांत असं एकही पान नाही. माझ्या पुस्तकात कोणी कुठे उभंच नसतं.

तू नावाचं लिहिलंयस. आजवर जे जे केलं त्यावर कंपनीचा शिक्का बसला, निदान यावर तरी स्वतःचं नाव असावं, आणि ते माहेरच्या आडनावानं. यात विचारायचं काय? पुस्तक दोघांचं होतं, दोघांचंच राहील. प्रकाशकालाही मी तसं सांगितलंय, त्याला काहीच अडचण नाही.

तिकडच्या थंडीचं कळलं. (प्रकरणाच्या मागच्या बाजूला तू बहुतेक स्वतःसाठी लिहिलं होतंस, 'खिडकीला पट्टी लावणे'. लावलीस का?) त्याचं, म्हणजे आमच्या चिरंजीवांचं, बरं चाललंय. बढती मिळाली.

पंखा अजून दुरुस्त व्हायचाय.

बाबा


१९ एप्रिल

इंजिनिअरबाई,

मध्ये लिहायला जमलं नाही. प्रुफं तपासणं, डोळ्यांना ताण, असं काही ना काही चालू होतं.

पुस्तक छापायला गेलं. मुखपृष्ठ बरं झालंय, निळं. एक गोष्ट तुझ्या कानावर घालायला हवी. ऐन वेळी प्रकाशकाचं असं पडलं, की विद्यार्थ्यांच्या पुस्तकावर एकच नाव असलेलं बरं, दोन नावांनी कॉलेजं गोंधळतात, मागण्या चुकतात. आता हे त्याचं धंद्याचं गणित, मी त्यात काय बोलणार? प्रस्तावनेत मी 'ज्यांच्या अनुभवाचा या लेखनाला आधार मिळाला त्या सर्वांचे आभार' असं घातलं आहे. वाचणाऱ्याला कळेलच.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी बघू. तेव्हा माझी बाजू भक्कम असेल.

आणि हो, तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. चिरंजीवांचं लग्न ठरलंय. मुलगी नर्स आहे, शांत आहे. पुढच्याच महिन्यात.

कळावे,
बाबा


३० मे

इंजिनिअरबाई,

उत्तर नाही म्हणजे कामात असशील. सोबत पुस्तक पाठवतोय. पान उघडून बघ, आकृत्या सुरेख आल्यात, विशेषतः तुझ्या सातव्यातल्या.

लग्न झालं, अगदी साधेपणानं. घर जरा भरल्यासारखं वाटतंय. तुझं जेवणाचं टेबल, म्हणजे आपण ज्याच्यावर कागद पसरायचो ते, आता भिंतीकडे सरकवलंय. जागा झाली, पण मला अजून तिथे ठेच लागते.

पुस्तक मिळाल्याची एक ओळ टाकलीस तरी पुरे.

बाबा


१४ जुलै

इंजिनिअरबाई,

हे पत्र घरातच बसून लिहितोय. पंखा कधीच बिघडला नव्हता.

परवा रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत होतो. नवी सून पुस्तक वाचत होती. तिला यातलं फार कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, पण घरातल्या माणसाचं पुस्तक आहे म्हणून रोज थोडं थोडं वाचते. सातव्यापर्यंत आली होती. मध्येच थांबली, तेच पान पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू का? इथे 'मी मोटरशेजारी उभी होते' असं छापलंय."

मी काही बोलायच्या आत चिरंजीव म्हणाला, छपाईची चूक असेल. आणि माझ्याकडे बघितलं. तुझ्या सासूबाईंनीही बघितलं. नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "चूक नाही ती. ते प्रकरण माझं नाही."

कोणाचं, असं तिनं विचारलं नाही. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि तिला समजलं. पुस्तक तिनं बोट घालून मिटलं. मग अगदी हळू म्हणाली, "मला कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, छापा की नाव. माझं काय जातंय?"

आता सगळं सांगतो. प्रकाशकानं कधीच काही म्हटलं नव्हतं. उलट त्यानं मला दोनदा विचारलं, सर, बाईंचं नाव नक्की काढायचं का? मुखपृष्ठाचा दोन नावांचा नमुनासुद्धा तयार होता. मी तो घरी आणला, हौसेनं टेबलावर ठेवला. तुझ्या सासूबाई तो बघून आत निघून गेल्या. संध्याकाळी चिरंजीव आला आणि म्हणाला, लग्न तोंडावर आलंय, लग्नाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तुम्ही हे पुस्तक देणार, लोक काय विचारतील याचा विचार करा. नवी मुलगी घरात पाऊल टाकणार आणि समोर हिचं नाव, तिला काय वाटेल? तो चिडून बोलला नाही. चिडला असता तर कदाचित मी भांडलो असतो. मी 'बघतो' म्हणालो. मला आयुष्यभर हा एक शब्द फार कामाला आलाय. तुमचं दोघांचं बिनसत होतं तेव्हाही तू एकदा माझ्याजवळ आली होतीस, आठवतं? तेव्हाही मी 'बघतो'च म्हणालो होतो.

तिला काय वाटेल, तिला काय वाटेल, असं आम्ही तिघं म्हणत राहिलो. आणि जिला वाटायचं होतं तिला विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

पण नाव काढून भागणार नव्हतं. तुझ्या प्रकरणात तू जागोजागी होतीस. मी सकाळी ग्रंथालयात जाऊन प्रुफाची पानं घेऊन बसलो. 'मी पाहत होते' तिथे 'पाहत होतो' केलं. 'घाबरले' चं 'घाबरलो'. 'मनानं आत जाऊन बसले' चं 'बसलो'. आधी पेन्सिलीनं केलं, म्हणजे खोडता येईल. मग शाईनं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मधे एकदा ग्रंथपाल येऊन म्हणाला, सर, नव्या पुस्तकाचं काम जोरात दिसतंय. मी हो म्हणालो.

'उभी होते' माझ्या नजरेतून सुटलं. मुद्दाम सोडलं असं तुला सांगायचा मोह होतोय, तो आवरतो. सुटलं, एवढंच.

वाचणाऱ्यांना आता असं वाटणार की त्या चाचणीच्या खोलीत मीच होतो आणि ती थरथरणारी रेघ मलाच दिसली. मी आयुष्यात मोटर उघडून पाहिलेली नाही. तू हसायचीस यावरून.

मी काय करू ते सांग. तू म्हणशील ते करतो.

बाबा


२ सप्टेंबर

इंजिनिअरबाई,

तुझं पत्र घरच्या पत्त्यावर आलं, सगळ्यांच्या देखत. मी सगळ्यांच्या देखतच फोडलं.

यापुढे पत्र नको, असं तू लिहिलंयस. ते पाळणार आहे. पण पुढे काय झालं ते तुला कळवायला हवं, म्हणून हे एवढं एकच. न फोडता ठेवलंस तरी माझी तक्रार नाही.

नाव गेल्याचं वाईट वाटलं पण ते गिळलं असतं, असं तू म्हणतेस. घरात काय चाललं असेल याचा तुला अंदाज होता, आणि मी खरं लिहिलं असतं तर तू स्वतःच 'राहू द्या बाबा' म्हणाली असतीस. पण तू लिहितेस, 'तुम्ही एकेक क्रियापद बदलत बसलात. ते डोळ्यांसमोरून जात नाही.' हे वाक्य मी कितीदा वाचलं सांगत नाही.  

आणि काय करू, या प्रश्नाला तू उत्तर दिलंस की ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्यावर टाकू नका. तेही बरोबर. तेव्हा मी ठरवलं.

प्रकाशकाकडे गेलो, त्याला सगळं सांगितलं. तो चकित झाला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. शिल्लक प्रती त्याच्या गोदामात होत्या. त्यानं चिठ्ठ्या छापून दिल्या, पहिल्या पानावर डकवायच्या. 'या पुस्तकातील सातवे प्रकरण' आणि पुढे तुझं नाव, तू सांगितलेल्या आडनावासकट. त्याखाली, 'मूळ लेखन स्त्रीलिंगी प्रथमपुरुषात होते. ते पहिल्या लेखकाने लेखिकेच्या संमतीशिवाय बदलले, याबद्दल तो दिलगीर आहे.' प्रकाशक म्हणाला, एवढं कशाला सर, नाव पुरे की. मी म्हटलं, असू दे. दुसरी आवृत्ती निघाली तर तुझं प्रकरण तू पाठवलं होतंस तसंच छापायचं, हे त्याच्याकडून कागदावर घेतलंय. ती निघेल की नाही ते देव जाणे.

विकल्या गेलेल्या प्रतींचं मात्र काही करता येत नाही. त्या कुठे कुठे गेल्या ते त्यालाही माहीत नाही. कुठल्यातरी कॉलेजात एखादी मुलगी तुझं प्रकरण माझं म्हणून वाचत असेल. हे आता तसंच राहणार.

चिठ्ठ्या डकवायला माणूस लावतो, असं प्रकाशक म्हणाला. मी नको म्हटलं. घरी येऊन सांगितलं की उद्यापासून मी गोदामात जाणार आहे.  दुसऱ्या दिवशी निघालो, तर तुझ्या सासूबाई पायात चपला घालून दारात उभ्या. कुठे म्हटलं, तर म्हणाल्या, तुमचा हात थरथरतो, चिठ्ठ्या वाकड्या लागतील.

गोदामात एक लांब टेबल, वर एक उघडा दिवा, भिंतीला लागून गठ्ठेच गठ्ठे. मी पुस्तक उघडायचं, तिनं डकवायचं आणि हातानं दाबायचं. सकाळ अशीच गेली. मग एक प्रत तिनं बाजूला ओढली, सातवं प्रकरण उघडलं, आणि विचारलं की हिनं हे नक्की काय लिहिलंय.

मी सांगायला लागलो. आधी वर्गात सांगतो तसं सांगत होतो, ते तिनं थांबवलं. मग नीट सांगितलं. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला तीन प्रवाह दिसतात, नुसती धावपळ. आत बसून बघणाऱ्याला दोन, आणि तेही शांत. तिनं विचारलं, मोटर तीच ना? म्हटलं, तीच. मग खरं कोणाचं? म्हटलं, दोघांचंही, पण दोघांनी शक्ती मोजली तर ती एकच यायला हवी, नाहीतर कोणीतरी हिशेबात लबाडी केली.  दोन चिठ्ठ्या लावून झाल्या.

मग म्हणाली, "एवढंच होतं तर मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

तेव्हा म्हणजे कधी, ते मला कळलं नाही. तिनं सांगितलं. आपण दोघं त्या टेबलावर कागद पसरून बसायचो, वाद घालायचो, हसायचो, तेव्हा. "मी चहा घेऊन यायचे. तुम्ही दोघं कागद बाजूला करायचात, कप ठेवायला जागा करायचात. मला बस असं कोणी म्हणालं नाही. मी कपबश्या न्यायला परत यायचे तेव्हाही नाही."

ती रागानं बोलत नव्हती. हात चालूच होता. तुझं नाव पुस्तकावर बघून ती आत का निघून गेली, ते मी लोकलज्जेच्या खात्यावर टाकलं होतं. नव्या सुनेच्या खात्यावर टाकलं होतं. तिच्या खात्यावर टाकायचं सुचलंच नाही. तू तरी कामात गढलेली असायचीस, माझ्या घरात नवीन होतीस. मला तर त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या रोज दिसत होत्या. एक रिकामी असायची.

मी तिला म्हणालो की माझं चुकलं. ती म्हणाली, पुढचं पुस्तक द्या.

चार दिवस आम्ही दोघं गोदामात जात होतो. शेवटच्या दिवशी नवी सूनही ड्यूटी संपवून सरळ तिथेच आली, बाह्या सरसावून बसली, आणि तिनं आमच्या दोघांपेक्षा जास्त प्रती उरकल्या. तिघांनी मिळून गठ्ठे संपवले.

आज मी लिहायला बसलेला बघून तुझ्या सासूबाईंनी कोणाला ते विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं होतं, काहीतरी निरोप देईल, किंवा काही म्हणणार नाही. ती म्हणाली, तिला लिहा की चिठ्ठ्या मी लावल्यात. सरळ लावल्यात, हेही लिहा.

बाबा